त्यालाच विचार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. इतकी सोबत, त्याच्या डेंग्यूत तू केलेली धावपळ, आणि तरी "मावशी, आमचं नेमकं आहे तरी काय?" हे तू मला विचारतेस. मला कशाला? त्याला विचार.

नात्याला नाव दिलं की जात, पगार, पत्रिका सगळं आत शिरतं, म्हणून तुम्हाला नाव नको असतं, हे मला कळतं. पण तोंडाने विचारायचं नाही आणि ब्लू टिक, लास्ट सीन, कुणाची स्टोरी आधी बघितली यावरून रात्ररात्र अर्थ लावत बसायचं, हे कसलं स्वातंत्र्य? मैत्रिणींच्या ग्रुपवर त्याच्या एका 'हम्म'चा कीस पाडता. त्यातल्या एकीलाही त्याच्या मनातलं ठाऊक नाही. ठाऊक आहे ते त्याला. त्याला विचार.

कांदेपोह्यांचा मला मनस्वी तिटकारा. मुलीला चालून दाखव म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्या बैठकीनंतर होकार की नकार, ते कळवावं लागायचं. ती बैठक तुम्ही मोडलीत, फार चांगलं केलंत. उत्तर देण्याची जबाबदारी का सोडलीत?

"तुमच्या वेळी सोपं होतं," म्हणे. नव्हतं गं. आमचा धर्म वेगळा, लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यात नोटीस द्यावी लागते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. कचेरीच्या फलकावर टाचणीने लावलेला कागद: नाव, वय, व्यवसाय, पत्ता. दादाच्या ओळखीच्या कुणीतरी तो वाचला आणि संध्याकाळपर्यंत घरी बातमी. आई त्यानंतर माझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. ती बोच आजही जात नाही. जरा दमाने घेतलं असतंस तर आई वळली असती, असं अजून ऐकवतात. नसती वळली. मी तिला ओळखत होते. आणि वळावी म्हणून वर्षानुवर्षं चोरून भेटत राहणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही.

तुझा तो म्हणतो, घरचे मानणार नाहीत म्हणून विषय नको. 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की घरच्यांची, जातीची, कुळाची संमती लागत नाही. तरी भीती असते, आणि ती खोटी नसते. आपल्याकडे यावरून मुडदे पडलेत. मग "मला भीती वाटते" एवढं तरी त्याने तुझ्यापाशी बोलावं ना! भिणाऱ्याबरोबर वाट काढता येते. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

तेव्हा विचार. मेसेजवर नको, समोर बसून. "बघू" म्हणाला तर "कधी?" म्हण. पुन्हा "बघू" आलं, तर तेच त्याचं उत्तर समज आणि ऊठ. रडू येईल, जेवण जाणार नाही. सरळ माझ्याकडे निघून ये, हवी तितकी राहा. आणि हो म्हणाला, नोंदणीवर आलं, तर तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही माझी धर.

तुझी,
मावशी