इंद्रलाल रॉय इंग्रजांसाठी लढले, मग त्यांना भारताचे फायटर एस का म्हणायचं?

हा प्रश्न दिसला (एस म्हणजे हवाई लढायांत पाच किंवा जास्त विजय मिळवलेला वैमानिक) आणि डोकंच फिरलं, कारण आठवीत वक्तृत्व स्पर्धेत मी याच माणसावर बोललो होतो. 1898 ला कलकत्त्यात जन्म, शाळा लंडनला, नजर कमजोर म्हणून रॉयल फ्लाइंग कोरने, म्हणजे इंग्रजांच्या तेव्हाच्या हवाई दलाने, परत पाठवलं तर गड्याने मोटारसायकल विकून डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडून पुन्हा तपासून घेतलं आणि घुसलाच. डिसेंबर 1917 मध्ये विमान आपटलं, मेला समजून शवागारात टाकलं आणि हा आतून दार बडवतोय! इथे मी टेबलावर मूठ अशी आपटली की परीक्षकांचा चहा बशीत सांडला.

तेच भोवलं बहुतेक. शेरा काय मिळाला? "विषय काल्पनिक. पहिल्या महायुद्धात भारतीय वैमानिक नव्हते." मी भांडायला निघालो तर आमच्या सरांनीच दंडाला धरून बाहेर नेलं, म्हणे परीक्षकांशी वाद घालायचा नसतो. का नसतो?

बरं, तुमचा मुद्दा. इंग्रजांसाठी लढले हे खरंच आहे, पण 1918 मध्ये दुसरं विमान होतं कुठे हो? आपलं हवाई दल निघालं 1932 ला, तेही इंग्रजांनीच काढलेलं. पोरगा 19 वर्षांचा. 40 स्क्वाड्रनमध्ये जुलै 1918 च्या 13 दिवसांत 10 विजय, आणि 22 तारखेला फ्रान्समध्ये कार्व्हां गावावर जर्मनांच्या फोकर विमानांशी लढताना गेला. डीएफसी हे शौर्याचं ब्रिटिश पदक मिळालं ते मेल्यावर. एस्तेव्हेल गावात कबर आहे, दगडावर फ्रेंचसोबत बंगालीत मजकूर कोरलाय. इंग्रजांचा म्हणणाऱ्यांनी तो फोटो शोधून बघावा.

हां, एक सांगायचं राहिलं, ती शवागाराची गोष्ट सांगोवांगीच जास्त आहे. आणि 10 म्हणजे 10 विमानं जमिनीवर पाडली असं नाही, दोन विजय दुसऱ्यांसोबत वाटून आहेत आणि अर्धे तर 'ताबा सुटून खाली गेलं' म्हणून धरलेले, त्या काळी तसंच मोजायचे. मी भाषणात सरळ "दहा विमानं धुळीला मिळवली" ठोकून दिलं होतं. म्हणजे मार्क कापायला खरी जागा होती, ती परीक्षकांना सापडलीच नाही! त्यामुळे कोणी भारतीय वैमानिक नव्हतेच म्हणालं तर तुम्ही गप्प बसू नका, तिथल्या तिथे तारखा तोंडावर फेका.

उत्तेजनार्थ मिळालं शेवटी. सर्टिफिकेट अजून आहे, त्यावर विषय लिहिलाय 'इंद्रजित रॉय'.