खत तेच, पाणी तेच, मग एकाच प्लॉटची पानं का करपली?

प्रश्न (मोहोळ तालुका): माझे थॉमसन द्राक्षाचे दोन प्लॉट बांधाला बांध लागून आहेत. एक डॉगरिज खुंटावर कलम केलेला, दुसरा ११० आर खुंटावर. विहीर एक, ड्रिपचं खतही एकाच टाकीतून. फळछाटणीनंतर डॉगरिजच्या प्लॉटमध्येच पानांच्या कडा करपल्या. पोटॅश (पालाश) दुप्पट करू का?

उत्तर: थांबा, दुप्पट करू नका. वर दोन्हीकडे थॉमसन असला, तरी जमिनीतून अन्न उचलणारं झाड, म्हणजे खालचा खुंट, वेगळं आहे. डॉगरिज टेक्सासमधला, व्हिटिस चॅम्पिनी जातीचा. ११० आर हा बर्लँडिएरी आणि रुपेस्ट्रिस या दोन रानद्राक्षांचा संकर. डॉगरिज जोमानं वाढतो, पाण्याचा ताण सोसतो, म्हणूनच आपल्याकडे तो सगळीकडे पसरला. पण पाणी खारवट असलं की डॉगरिजवरच्या वेलीत पालाश कमी आणि सोडियम जास्त चढतो. ११० आर बराचसा सोडियम खालीच अडवतो. हा मुळाचा जन्मजात गुण आहे, खताच्या पोत्यानं तो बदलत नाही.

तुम्ही आणलेलं पान मी नीट पाहिलं. जून पान, कड तपकिरी, बोटात धरली की चुरा होते. शिरेलगतचा भाग मात्र अजून हिरवा आहे. पालाश कमी पडला तरी असंच दिसतं आणि सोडियम वाढला तरी असंच, त्यामुळे नुसत्या नजरेवर औषध ठरवू नका. देठ परीक्षण करा. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ घ्या आणि खरड छाटणीनंतर (काड्या वाढवण्यासाठीची उन्हाळी छाटणी) ४५ दिवसांनी काडीच्या तळापासून पाचव्या पानाचे. एक कळकळीची विनंती: दोन्ही प्लॉटचे देठ एका पिशवीत भरू नका. अहवालात सरासरी येते आणि आजारी प्लॉट निरोग्याच्या आड लपतो. ही चूक मी दर हंगामात पाहतो आणि नुकसान बागायतदाराचंच होतं. सोबत विहिरीचं पाणीही तपासून घ्या, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) आणि सोडियम दोन्ही.

अहवालात पालाश खरोखर कमी निघाला, तर सल्फेट ऑफ पोटॅश लहान लहान हप्त्यांत द्या. म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यातून क्लोराइडची भर पडते. सोडियम जास्त असेल आणि माती चुनखडीची असेल, तर गंधक कामाला येतं. चुन्याशी मिळून त्याचं जमिनीतच जिप्सम बनतं आणि त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं. मात्र निचरा नसेल तर तो सोडियम जाणार कुठे? आधी चर काढा.

प्रश्न (बार्शी तालुका): नव्या बागेत शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. युरिया दिला, फरक नाही.

उत्तर: नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती. ही लोहाची कमतरता आहे. चुनखडीत लोह असूनही मुळाला मिळत नाही. मुळाला आम्ल सोडून ते विरघळवावं लागतं आणि ही ताकद खुंटागणिक कमी-जास्त असते. फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं बागा बसवल्यानंतर फ्रान्समध्ये अमेरिकन खुंट लावले, ते चुनखडीत असेच पिवळे पडले. तेव्हा १८८७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर व्हियाला चुना सोसणाऱ्या वेली शोधायला अमेरिकेत गेले आणि टेक्सासच्या चुनखडी टेकड्यांवरची बर्लँडिएरी कामी आली.

तुमच्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या पुढे असेल तर लोहाचं ईडीटीए चिलेट (लोह विरघळतं ठेवणारं खत) टिकत नाही, ड्रिपमधून ईडीडीएचए चिलेट द्या. वाफसा (मातीतला ओल आणि हवेचा मेळ) मोडेल इतकं पाणी देऊ नका. पुढचा प्लॉट धरणार असाल, तर रोपवाटिकेत पैसे भरण्याआधी माती-पाण्याचे अहवाल घेऊन कार्यालयात या. खुंट त्यावरून ठरवू.