भांडी घासायचं यंत्र आणि तीन लाखांची 'एफडी'

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचा सहा वर्षांचा डिशवॉशर दिवाळीपासून दर तिसऱ्या-चौथ्या वेळी मध्येच थांबतो, तळाशी घाण पाणी साचतं आणि पाणी उपसलं न गेल्याचा कोड दिसतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. ४,२०० रुपयांचा पंप बदलून झाला, दुखणं तसंच. आता तो म्हणतो, कंट्रोल बोर्ड गेलाय, ११,५०० लागतील. दुकानदाराचं म्हणणं, जुनं सोडा, ४६,०००चं नवं मशीन चोवीस महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर घ्या, वर ६,५००ची वाढीव वॉरंटी. ताई विचारतात, दुरुस्ती करू की नवं घेऊ?

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, हे : "रोखीनंच घेतलं असतं, पण यांच्या रेल्वेच्या पैशातले १२ लाख बचत खात्यात आहेत, त्यांना हात लावता येत नाही. बँकेतल्या साहेबांनी पाच वर्षांची एफडी करून दिलीय, तिचे दरवर्षी ३ लाख मार्चमध्ये त्यातून कापून जातात."

ताई, एफडीला हप्ता नसतो. पण आधी डिशवॉशर, तो लवकर आटपेल.

तुम्हीच लिहिलंय की दिवाळीत सिंक बदललं. दुखणंही दिवाळीपासूनचं. दोनदा आलेल्या माणसानं सिंकखाली डोकं घातलं का? नव्या सिंकच्या ट्रॅपला, म्हणजे खालच्या वळणाच्या पाइपला, डिशवॉशरच्या नळीसाठी एक तोटी असते, ती आतून बंद येते आणि प्लंबरनं कापून मोकळी करायची असते. घाईत अर्धवट कापली, की पाणी कसंबसं जातं आणि खरकट्याचा गाळ अडकला की तुंबतं. नाहीतर मशीन मागे ढकलताना नळी मुडपली असेल. मशीनचा प्लग काढून, नळी ट्रॅपपासून सोडवून बादलीत धरा, मग प्लग लावून फक्त पाणी उपसू द्या. बादलीत जोरात धार पडली तर पंप ठीक, बोर्डही बहुतेक ठीक, दोष सिंकखाली. धार नाहीच पडली तर प्लग पुन्हा काढा, फिल्टर उचला, पाणी फडक्यानं टिपा आणि पंपावरचं झाकण काढून आतलं चाक बोटानं फिरवून बघा. काचेचा तुकडा असू शकतो, सांभाळून. आमच्याकडे तिथे बेदाण्याचे देठ निघाले होते. यातून काहीच सापडलं नाही तरच बोर्डाची गोष्ट, आणि तीही दुसऱ्या कुणाला दाखवून. नवं मशीन आणलंत तरी त्याची नळी त्याच तोटीला लागणार आहे. बिनव्याजी हप्त्यात रोखीची सूट जाते आणि वर प्रोसेसिंगचे पैसे, एवढं बोलून तो विषय सोडतो.

आता ती 'एफडी'. तुम्ही पहिल्या पानाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. ही आयुर्विमा पॉलिसी आहे. पाच वर्षं ३-३ लाख भरायचे, दहाव्या वर्षाच्या शेवटी २१ लाख मिळणार. साहेबांनी 'दुप्पट' सांगितलं होतं. १५चे २१ होतात, ताई, तेही सरासरी आठ वर्षं पैसे अडकवून. म्हणजे वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. 'करमुक्त' म्हणाले तेही खोटं : मृत्यूनंतर मिळणारी विमा रक्कम वार्षिक हप्त्याच्या दहापट हवी, तुमच्या कागदावर ती २१ लाख आहे, म्हणजे सातपट. आणि साठी ओलांडलेल्या, पेन्शन असलेल्या, मुलगा पुण्यात कमावता असलेल्या माणसाला हा विमा हवाय कशाला? पुढचे हप्ते हाताशी राहावेत म्हणून तुमचे १२ लाख बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर ठेवले. तेवढे पैसे पडून असताना तुम्ही ४६,०००साठी हप्ते बांधायला निघालात.

आत्तापर्यंत एकच हप्ता गेलाय. दुसरा १२ मार्चला. तो जाऊ देऊ नका.

यजमानांना जानेवारीत साठ पूर्ण झाली. त्यांना पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडता येतं. मर्यादा ३० लाख, सध्याचा व्याजदर ८.२ टक्के, दर तिमाहीला व्याज. हिशेबापुरते सगळे १२ लाख तिथे ठेवले असं धरा. वर्षाला ९८,४००. पॉलिसीची उरलेली नऊ वर्षं हाच दर धरला तर व्याज पावणेनऊ लाखांच्या वर, मुद्दल १२ शाबूत, म्हणजे २१ला जेमतेम १५ हजार कमी. यात भरलेले ३ लाख पूर्ण बुडाले असं मी धरलंय! आणि हे व्याज दर तिमाहीला हातात येतं, दहाव्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही. खात्याची मुदत पाच वर्षांची, त्यानंतर दर बदलू शकतो, हे खरं. पण ३ लाख सगळे बुडणारही नाहीत : १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिलं वर्ष पूर्ण झालं आणि त्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला की सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच सोडल्यावर, काही रक्कम मिळते. तुमची पॉलिसी गेल्या मार्चची, म्हणजे या नियमात बसते. वर्ष पूर्ण होऊ द्या, आकडा लेखी मागवा. तुमचं उत्पन्न पाहता नव्या करप्रणालीत या व्याजावर कर लागणार नाही. दीडेक लाख मात्र साध्या एफडीत ठेवा. अडीअडचणीला, आणि हो, प्लंबरलाही.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत कधीच उलटली. फसवून विकल्याची तक्रार मात्र करता येते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्यात विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. प्रस्ताव अर्जाची प्रत मागा आणि उत्पन्नाच्या रकान्यात साहेबांनी काय लिहिलंय ते वाचा. पॉलिसी देताना कंपनीनं केलेल्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंगही मागा. "फोन आला की हो हो म्हणा" असं त्यांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. तुमचा तो 'हो' तुमच्याविरुद्ध दाखवतील, तेव्हा हे वाक्य तक्रारीत पहिल्या परिच्छेदातच येऊ द्या.

बादली शनिवारी धरली तरी चालेल. बँकेत मात्र उद्याच जा, यजमानांना घेऊन, कारण खातं त्यांच्या नावावर आहे. हप्त्याची आपोआप कपात बंद करण्याचा अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. साहेब चहा मागवतील.