‘सोयीनुसार भेट’ या एका ओळीने केलेला घोळ

पुण्याहून एक वाचक लिहितात: परस्पर संमतीने घटस्फोट झाला, मुलगी वडिलांकडे. मी मैत्रिणीसोबत राहते हे कळल्यापासून त्यांनी भेट बंद केली. ‘कोर्टात गेलीस तर सगळं बाहेर काढीन’ म्हणतात. वर्ष उलटलं. मला माझी मुलगी मिळेल का?

ताई, अशी पत्रं मला आयांची येतात, वडिलांचीही येतात. सगळ्यांना भीती असते ती नातं उघड होण्याची. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तुमचं समलिंगी नातं गुन्हा नाही. त्यावर शब्द घालवत नाही.

तुमचा प्रश्न अडलाय तो घटस्फोटावेळी दोघांनी सही केलेल्या संमती अटींतल्या पाचव्या कलमात: ‘आईस उभयतांच्या सोयीनुसार भेटता येईल.’ वार नाही, वेळ नाही, ठिकाण नाही. मग त्यांनी भेट नाकारली तर नेमका कोणता हुकूम मोडला, हे दाखवणार कसं? सुटका लवकर व्हावी म्हणून न वाचता सही केलीत, त्याची किंमत मुलगीही मोजतेय.

तरी ताब्याचा आदेश कायमचा नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही तो बदलून मागता येतो. ज्या कौटुंबिक न्यायालयाने घटस्फोट दिला, तिथेच अर्ज करा, याच महिन्यात. उशीर तुमच्या विरोधात जातो: ‘मुलगी इथे रुळली आहे’ हेच त्यांचं मुख्य म्हणणं असेल, आणि प्रत्येक पुढच्या तारखेला ते बळकट होत जाईल. तारखा किती पडतात, हे मी रोज पाहते आणि चिडते.

पूर्ण ताबा मिळेल असं मी म्हणणार नाही. कसोटी मुलीच्या हिताची आहे, पण समोरचे न्यायाधीश तुमच्या घराकडे कसं पाहतील, सांगता येत नाही. 2022 मध्ये दीपिका सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी नात्यांनाही कुटुंब म्हटलं, तो निकाल जोडा. मैत्रिणीला मात्र मुलीवर आज कायदेशीर हक्क नाही. अर्ज तुमच्या एकटीच्या नावाने.

नातं लपवू नका. न्यायालयाच्या समुपदेशकासमोर तुम्हीच आधी सांगितलंत, तर त्यांच्या धमकीत उरतं काय? भेट नाकारल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागेल.

आणि अंतरिम अर्जात, म्हणजे अंतिम निकालापर्यंतच्या सोयीसाठीच्या अर्जात, दर शनिवारची ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि रोजचा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या यशिता साहू निकालात ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच ते दहा मिनिटं बोलता यावं, असं म्हटलंय.