लावणी मागे सरकत करतात

प्रश्न : यंदा भातलावणीच्या दिवशी आमदार आमच्या वाडीत येणार आहेत. बायकांच्या रांगेत उतरून रोपं लावायची म्हणतात, शेती आपला छंद आहे असंही सांगतात. सोबत फोटोवाले असणारच. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. मला हा देखावा वाटतो. त्यांना नको म्हणू का?
— एक वाचक, कणकवली तालुका

उत्तर : ताई, मी कुडाळकडची. लग्न होईपर्यंत दर आषाढात आईबरोबर लावणीला उतरायचे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला आतून कळतो.

काही वर्षांपूर्वी मी माहेरी असताना एक पुढारी आमच्या खाचरात उतरले. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ. लावणी करताना माणूस मागे मागे सरकतो. पुढे गेलं तर आताच लावलेली रोपं आपल्याच पायाखाली जातात. ते पुढे पुढे जात राहिले. पाहुणा माणूस म्हणून कुणी बोललं नाही. फोटो झाले, गाड्या गेल्या, आणि माझ्या काकीने पुन्हा वाकून त्या ओळी नव्याने लावल्या. संध्याकाळी तिला कंबर सरळ करता येईना. मला अजून राग आहे तो याचा. कष्ट तिचे, आणि ते दोनदा.

पण पुढाऱ्याचा छंद खोटाच असतो असं धरून चालू नका. ब्रिटनचे विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना केंटमधल्या आपल्या चार्टवेलच्या घरी स्वतः विटांचं बांधकाम करत. १९२८ मध्ये एका पत्रात त्यांनी रोजचा हिशोब लिहिला : दोनशे विटा आणि दोन हजार शब्द. गवंड्यांच्या संघटनेत नावही घातलं, तेव्हा मात्र तिथल्या अनेकांना ते रुचलं नाही. मला दोन्ही बाजू पटतात. भिंत खरी होती, पण तिच्यावर त्यांचं पोट नव्हतं. आपले विश्वनाथ प्रताप सिंह कविता करत, चित्रं काढत. पंतप्रधानपद गेल्यावर, डायलिसिस सुरू असतानाही त्यांनी कुंचला सोडला नाही. खुर्ची नसताना जे टिकतं, त्यालाच मी छंद म्हणते.

म्हणून आमदारांना नको म्हणू नका. मात्र आधी सांगून ठेवा : सकाळी तरवा काढायलाच या, आणि एक खाचर पुरं होईपर्यंत थांबा. रांगेत त्यांच्या शेजारी तुमच्यातली सगळ्यात जाणती बाई उभी करा. चुकलं तर तिने तिथेच सांगायचं, भीड धरायची नाही. फोटो खाचर पुरं झाल्यावर. फोटोसाठी ज्या बायकांचं काम थांबेल, त्यांची मजुरी कापायची नाही, हेही आधीच ठरवा.

दहाच्या सुमाराला बांधावर पेज येईल. ती त्यांनी तुमच्याबरोबर तिथेच बसून प्यावी. त्या वेळी कॅमेरे लांब ठेवायला सांगा, आणि मजुरीचं, खताच्या गोणीचं, दुखऱ्या कमरेचं जे बोलायचं ते तेव्हा बोला.