एकच फोन, घरातले सगळे : मोड आपोआप बदलेल का?

प्रश्न : आमच्या घरात चांगला फोन एकच आहे. सकाळी तो माझ्याकडे असतो, त्यात माझं यूपीआय आणि ऑफिसचा मेल आहे, दुपारी सासरे त्यावर कीर्तनं बघतात आणि संध्याकाळी मुलगी, सहावीत आहे, ती शाळेचे व्हिडिओ बघते. दर वेळी सेटिंग बदलत बसायला जमत नाही. फोन ज्याच्या हातात त्याचं मोड आपोआप लागेल असं काही करता येतं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : येतं ताई, पण एक गोष्ट आधी लक्षात घ्या, हातात कोण आहे हे फोनला सारखं कळत नसतं, त्याला ते कळतं फक्त लॉक उघडताना. म्हणून मोड बदलायचं काम लॉकलाच जोडायचं. शाओमी-रेडमीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंड स्पेस, म्हणजे फोनमध्येच दुसरी वेगळी जागा, असतं, त्यात दोन्ही जागांना वेगवेगळी बोटं देता येतात, म्हणजे तुमचं बोट लावलं की तुमचा फोन उघडतो आणि सासऱ्यांचं बोट लावलं की दुसरी जागा उघडते जिथे फक्त यूट्यूब आणि शाळेचं ॲप ठेवलंय. मध्ये काही दाबायला नको. फक्त फोन रीस्टार्ट झाला की पहिल्यांदा बोट चालत नाही, पिनच लागतो, तेवढं सासऱ्यांना सांगून ठेवा नाहीतर फोन बिघडला असं वाटून ते घाबरतील.

तुमचा फोन वेगळ्या कंपनीचा असेल तर सेटिंगमध्ये वर सर्चला युजर्स टाकून बघा. अँड्रॉइडमध्ये एकाच फोनवर अनेक युजर्स ही सोय २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून आहे (टॅबवर तर २०१२ पासूनच), पण सगळ्या कंपन्या ती देत नाहीत, सॅमसंगच्या टॅबवर आहे आणि फोनवर नाही. असली तर मुलीसाठी वेगळा युजर करा. तिला तुमची ॲप्स, फोटो, मेल काहीच दिसणार नाही. आणि हे फार महत्त्वाचं, नव्या युजरला कॉल आणि एसएमएस द्यायचे का ते मालकाच्या हातात असतं, ते बंदच ठेवा, म्हणजे बँकेचा ओटीपी तिच्या बाजूला दिसतच नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. फोनमध्ये स्मार्ट लॉक म्हणून एक सोय असते, नव्या फोनवर तिला एक्स्टेंड अनलॉक म्हणतात. त्यात घर हे विश्वासाचं ठिकाण म्हणून टाकलं की एकदा उघडलेला फोन घरात असताना बराच वेळ लॉकच होत नाही, अंगावर असल्याचं ओळखणारा पर्याय चालू केला की फोन हलत असेपर्यंत उघडा राहतो, मग तो तुमच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला तरी उघडाच. एकट्याच्या फोनवर हे सोयीचं असेल, पण तिघांच्या फोनवर याचा अर्थ एवढाच की घरातल्या प्रत्येकाला तुमचं यूपीआयवालं मोड मिळालं. यूपीआयचा पिन वेगळा लागतो हे खरं, पण मेल, फोटो, मेसेज सगळं समोर असतं. हे दोन्ही आजच बंद करा. माझं म्हणणं असं की मोकळ्या मोडमधून बंधनाच्या मोडमध्ये जाणं आपोआप झालं तर चांगलंच आहे, पण उलट्या दिशेने कधीच नाही, तिथे बोट किंवा पिन मागितलाच पाहिजे.

प्रश्न : मुलाच्या शाळेत आयपॅडवर प्रत्येक मूल आपलं नाव निवडून आत जातं. घरच्या आयपॅडवर तसं का होत नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शाळेतली ती सोय शेअर्ड आयपॅड, २०१६ मध्ये आली, आणि तिला शाळेने बनवलेली खाती आणि सगळे आयपॅड एका जागेवरून चालवणारी यंत्रणा लागते. घरच्या आयपॅडवर ॲपल एकच मालक धरतं, इतक्या वर्षांत हे बदललं पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं. तोवर गाइडेड ॲक्सेस वापरा, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये आहे, हवं ते ॲप उघडून होमचं (ते नसेल तर वरचं) बटण तीनदा दाबलं की मूल त्याच ॲपमध्ये राहतं, वेळ पण लावता येते आणि बाहेर पडायला पासकोड लागतो. अँड्रॉइडवर याच कामाला ॲप पिनिंग आहे, फक्त त्यात अनपिन करताना पिन विचारा हे चालू करायला विसरू नका, नाहीतर मुलं एका मिनिटात बाहेर येतात.

प्रश्न : आमच्या गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी काही विंडोज कॉम्प्युटर आहेत. मुलं फॉर्म भरतात आणि मेल तसाच उघडा सोडून जातात, पुढच्याला तो दिसतो. पूर्वीचं गेस्ट खातं पण सापडत नाही.
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : गेस्ट खातं विंडोज १० पासून काढलंय. तुमच्याकडे प्रो किंवा एज्युकेशन आवृत्ती असेल तर असाइन्ड ॲक्सेस, म्हणजे कॉम्प्युटर ठरवलेल्या ॲपपुरताच चालवायची सोय, लावा, त्यात एज ब्राउझर पब्लिक ब्राउझिंगला ठेवला की काही मिनिटं कोणी हात लावला नाही तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू होतं, उठून गेलेल्या मुलाचा मेल पुढच्याला दिसतच नाही. योग्य दिशेने आपोआप होणं ते हेच.

होम आवृत्तीत ही सोय नाही. मग मुलांसाठी पासवर्ड नसलेलं साधं स्टँडर्ड खातं करा, ॲडमिनचं खातं वेगळं आणि पासवर्डवालं, आणि क्रोम गेस्ट विंडोत उघडायला शिकवा, सगळ्या गेस्ट विंडो बंद केल्या की लॉगिन पुसलं जातं. पण डाउनलोड केलेल्या फायली तशाच राहतात! हॉल तिकीट, आधारची पीडीएफ, जातीचा दाखला, हे सगळं डाउनलोड्समध्ये पडून असतं आणि मेलपेक्षा हेच जास्त धोक्याचं. त्यासाठी मुलांच्या खात्यातून स्टोरेज सेन्स, म्हणजे जुन्या फायली आपोआप पुसणारी विंडोजची सोय, चालू करा, ते रोज चालेल असं ठेवा आणि डाउनलोड्ससाठी १ दिवस निवडा, त्याहून कमी मिळत नाही, म्हणून संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी तो फोल्डर आणि रिसायकल बिन एकदा हाताने रिकामं करा.