ताईंची वही आधी वाच

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि एक गोष्ट तू जाता जाता सांगितली आहेस. पहिला प्रश्न, पदवीसाठी संगणकशास्त्र घ्यावं की माहिती प्रणाली, म्हणजे एखाद्या संस्थेत माहिती कशी गोळा होते, फिरते आणि वापरली जाते याचा अभ्यास? कोड लिहिता येतो, पण दिवसभर त्यातच रमावंसं वाटत नाही, असं तू म्हणतेस. आणि मोठा भाऊ म्हणतो की माहिती प्रणाली म्हणजे ना धड संगणक, ना धड व्यवस्थापन. दुसरा प्रश्न, कोड आता एआय लिहू लागलं आहे, मग या शिक्षणाला अर्थ उरेल का? जाता जाता सांगितलेली गोष्ट सुटीत मावशीच्या दवाखान्यात मदत करायला गेलीस तेव्हाची. तिथे रुग्णांच्या वेळा नोंदवायचं सॉफ्टवेअर आहे, तरी स्वागतकक्षातल्या ताई शेजारी एक वही ठेवतात आणि बरंच काही दोनदा लिहितात. ‘जुनी सवय सुटत नाही,’ असं म्हणून तू पुढे गेलीस.

मी त्या वहीपासूनच सुरुवात करते.

सवय असेलही. पण अशा वह्या मी खूप पाहिल्या आहेत आणि त्यांत बहुतेकदा असं काहीतरी सापडतं, ज्याला पडद्यावर जागाच दिलेली नसते. वेळ न घेता आलेला रुग्ण. ‘यांना जिना चढवत नाही, खालीच तपासा.’ ‘रिपोर्ट घ्यायला मुलगा येईल.’ सॉफ्टवेअर करणाऱ्याने नाव, वेळ, फोन असे रकाने आखले आणि काम त्या रकान्यांच्या बाहेर सांडत राहिलं. ते सांडलेलं ताई वहीत गोळा करतात. दवाखान्याच्या माहिती प्रणालीत संगणक येतो, तशी ही वही येते, ताईही येतात आणि डॉक्टर कुणाला आधी आत बोलावतात तो न लिहिलेला नियमही येतो. तुझ्या नजरेला वही पडली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती का आहे, एवढंच विचारायचं राहिलं.

आता भावाच्या शंकेकडे येते. व्यवसायाच्या रोजच्या कामासाठी चाललेला पहिला संगणक एखाद्या यंत्र बनवणाऱ्या कंपनीने केला नव्हता. तो केला ब्रिटनमधल्या जे. लायन्स अँड कंपनीने, आणि तिचा धंदा होता चहाची दुकानं आणि बेकरी. यंत्राचं नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे हिशेब सुरू झाले. या कंपनीत संगणकाचा विचार येण्याच्या कितीतरी आधीपासून कारकुनी कामाचा अभ्यास करणारा एक विभाग होता. पुढे दुकानांची रोजची मागणी लिओवर आली, तेव्हा त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी यंत्राकडे ठेवली आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर फक्त आजचा बदल सांगायचा, असं ठरवलं. सगळी यादी रोज पुन्हा लिहिणं संपलं. ही कल्पना सुचायला त्या बाईंचा दिवस कसा जातो ते ठाऊक असावं लागतं. कामाची अशी मांडणी करणाऱ्या विभागाचे प्रमुख डेव्हिड कॅमिनर हे अभियंते नव्हते, कंपनीच्या व्यवस्थापनातून आलेले होते.

भाऊ ज्याला ‘ना धड’ म्हणतो, ती जागा ही अशी आहे.

आजचं उदाहरण घे. ऑनलाइन दुकानात एका वस्तूचा शेवटचा नग उरला आहे आणि दोन माणसं एकाच वेळी तो टोपलीत टाकतात. नग राखून ठेवायचा कधी? टोपलीत टाकताक्षणी ठेवला, तर नुसतं बघून निघून जाणाऱ्यामुळे खरा गिऱ्हाईक मुकतो. पैसे भरल्यावर ठेवला, तर एखाद्याचे पैसे घेऊन ‘माल संपला’ सांगावं लागतं. दोन्ही प्रकारचा कोड चांगला प्रोग्रामर लिहून देईल. पण कोणता त्रास परवडेल, हे गोदाम, हिशेब आणि तक्रारी ऐकणारी माणसं या तिघांशी बोलल्याशिवाय ठरत नाही. तो निर्णय घडवून आणणं, लिहून काढणं आणि नंतर खरंच तसं होतंय का ते तपासणं हे सिस्टिम ॲनालिस्टचं किंवा बिझनेस ॲनालिस्टचं काम.

एआयबद्दलची तुझी भीती मी उडवून लावणार नाही. साचेबंद कोड लिहिण्याचं काम कमी होत जाईल. पण यंत्राच्या आकड्यावर माणसाने किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न त्याने मोठाच होतो. ब्रिटनच्या टपाल सेवेत होरायझन नावाची हिशेब प्रणाली होती. पोस्ट चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती नसलेली तूट दाखवायची. ‘आम्ही पैसे घेतलेले नाहीत’ असं ती माणसं सांगत राहिली, तरी यंत्राचं खरं मानलं गेलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं, आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडलं. ही घटना वाचताना माझा जीव अजूनही तुटतो. आकडा पडद्यावर कुठून आला, मध्ये कोण तो बदलू शकतं, चुकला तर कळेल कसं, हे विचारणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत. माहिती प्रणालींचं ऑडिट ही तर स्वतंत्र वाटच आहे.

मग निवड? यंत्राच्या आत काय चालतं, अल्गोरिदम का चालतो, त्यामागचं गणित काय, याने झोप उडत असेल तर संगणकशास्त्र घे. पण ‘सॉफ्टवेअर असताना वही का?’ हा प्रश्न आता तुला सोडत नसेल, तर माहिती प्रणाली. तुझ्या पत्रावरून माझा कल माहिती प्रणालीकडे आहे.

एका अटीवर मात्र. भाऊ म्हणतो तशा पोकळ पदव्या असतात. म्हणून नावाकडे बघू नकोस, अभ्यासक्रम मागवून वाच. डेटाबेस, प्रणाली विश्लेषण, लेखाकर्म, सांख्यिकी, माहितीची सुरक्षा आणि खऱ्या संस्थेतला एखादा प्रकल्प असं त्यात असावं. नुसती सॉफ्टवेअरची नावं असतील तर तो रस्ता सोड. कोडही सोडू नकोस. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारून माहिती काढायची भाषा, पक्कं कर. माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवावी, या संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचारावर ती भाषा उभी आहे आणि धंद्याच्या नोंदी आजही मोठ्या प्रमाणावर त्याच पद्धतीने ठेवल्या जातात. जमा-नावे न कळता हिशेबाच्या प्रणालीवर काम करणारे मी पाहिले आहेत, फार अडतं त्यांचं.

पहिली नोकरी हेल्प डेस्कवर, म्हणजे प्रणाली वापरणाऱ्यांच्या अडचणी ऐकून सोडवायची, लागली तर कमीपणा मानू नकोस. प्रणाली कुठे टोचते ते तिथे सगळ्यात आधी ऐकू येतं.

अर्ज भरण्याआधी एक काम कर. ताईंची आणि मावशीची परवानगी घे आणि दोन तास त्यांच्या शेजारी बस. पडद्यावर न जाता फक्त वहीत काय जातं तेवढंच टिपायचं, आणि प्रत्येक नोंदीला ‘हे इथे का लिहिता?’ असं विचारायचं. मध्ये बोलून सुधारणा सुचवायच्या नाहीत. मग एका पानावर काढून दाखव: कोणती माहिती कुणाकडून येते, कुठे जाते, कुठे दोनदा लिहिली जाते. ते पान मला पाठव, आपण त्यावर बोलू. रुग्णांची नावं आणि आजार मात्र त्यात लिहू नकोस.